यकृताचा आजार, घरातला जोडीदार आणि बदलत गेलेले वैद्यकशास्त्र

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भातलावणी आटोपत आली होती आणि दवाखान्यात गर्दी होती. टेबलासमोर एक जोडपे बसले होते. नवऱ्याला यकृताचा सिरॉसिस. पोटात पाणी, पायांना सूज, दंड मात्र काडीसारखे झालेले. मी त्याच्या बायकोला समजावत होतो, "ताई, मीठ कमी करा, पण डाळ बंद करू नका. अंडी चालत असतील तर रोज द्या. दूध, पनीर, मटकी, शेंगदाणे चालतील. आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्याच. रात्रभर उपाशी ठेवू नका."

आमचा दवाखाना लहान आहे. पडद्यामागे बाकावर बसलेल्यांना आतले बरेचसे ऐकू येते. पुढचा नंबर साठीच्या एका मावशींचा होता. बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. आत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या मालकांना तर तुम्ही डाळसुद्धा बंद केली होती."

मला सगळे आठवले. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी नुकताच एमडी होऊन घोटीत बसायला लागलो होतो. त्यांच्या मिस्टरांच्या पित्तनलिकेत अडथळा होता, त्यातून पुढे यकृत खराब झाले. मी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिले होते: डाळ, दूध, अंडी, मांस बंद. मावशींनी तो कागद देव्हाऱ्यामागे जपून ठेवला आणि शब्दन् शब्द पाळला. भाताची पेज, साखरपाणी, फळे. दोन वर्षांत ते गेले.

मावशींनी पुढे विचारले, "मग माझ्याच हाताने त्यांना उपाशी ठेवलं का?"

त्या दिवशी मी त्यांना जे उत्तर दिले, ते आज इथे जरा विस्ताराने लिहितो आहे. कारण हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. यकृत किंवा पित्तनलिकेचा गंभीर आजार असलेल्या माणसाची बायको किंवा नवरा कधी ना कधी हा प्रश्न स्वतःला विचारतोच. (मावशींच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

आधी दोन शब्द यकृताबद्दल

यकृत रोज साधारण पाऊण ते एक लिटर पित्त तयार करते. हे पित्त बारीक बारीक नलिकांमधून एका मोठ्या पित्तनलिकेत येते आणि तिथून आतड्यात उतरते. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. तेही पित्तावाटे बाहेर पडते आणि त्याच्यामुळेच शौचाला नेहमीचा रंग येतो.

आता कावीळ दोन प्रकारांनी होऊ शकते. एक, यकृताच्या पेशींनाच सूज आली, उदाहरणार्थ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूमुळे. दोन, पेशी ठीक आहेत पण पुढे नलिकेत खडा, गाठ किंवा आकुंचन असल्याने वाट बंद झाली. दुसऱ्या प्रकारात शौचाचा रंग पांढुरका होतो, लघवी गडद होते आणि अंगाला खाज सुटते. वाट दीर्घकाळ बंद राहिली की मागे तुंबलेले पित्त यकृतालाच खराब करते.

हा फरक चरकसंहितेत सांगितलेला आहे. पांडुरोगाच्या चिकित्सेत कामलेचे, म्हणजे काविळीचे, दोन प्रकार येतात. त्यातल्या एकात पित्ताची वाट अडते आणि रुग्णाचे शौच वाटलेल्या तिळासारखे होते असे वर्णन आहे. सोनोग्राफी नव्हती, रक्ततपासणी नव्हती. निरीक्षण मात्र पक्के होते.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, जी मला वैद्यकीय शिक्षणात कुणी सांगितली नव्हती. सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ थांबून त्याचे सगळे करणारा माणूस. त्याचेही चार गुण दिले आहेत: उपचाराची माहिती, कामातली तत्परता, रुग्णाविषयी माया आणि स्वच्छता. आपल्याकडच्या घरांत हा उपस्थाता बहुतेक वेळा बायको असते, कधी नवरा. माया त्याच्याकडे असतेच. प्रश्न येतो तो पहिल्या गुणाचा. त्याला माहिती कोण देणार, आणि दिलेली माहितीच चुकीची निघाली तर?

माळ, चुन्याचे पाणी आणि गेलेले दिवस

मावशींच्या मिस्टरांना कावीळ दिसली तेव्हा आधी ती "उतरवली" गेली. आपल्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी गळ्यात काड्यांची माळ घालते, ती दिवसेंदिवस लांब होते आणि कावीळ उतरली असे म्हणतात. कुणी हाताला लेप लावून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावते, पाणी पिवळे होते. कुणी नाकात औषध टाकते, नाकातून पिवळे पाणी येते.

यामागचे कारण साधे आहे. ओल्या काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सरकतात आणि माळ लांबते. झाडाच्या सालीतला रस चुन्याला लागला की रंग बदलतो, निरोगी माणसाचा हात धुतला तरी पाणी पिवळेच होईल. नाकातले औषध इतके तीव्र असते की आतली त्वचा सुजून स्राव सुटतो.

मग माणसे बरी कशी होतात? कारण आपल्याकडची बहुतेक कावीळ 'ए' आणि 'ई' या विषाणूंची असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे पाणी दूषित होऊन हजारो लोकांना कावीळ झाली. अनेक वर्षांनी, साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून, तो वेगळाच विषाणू असल्याचे लक्षात आले. आज त्याला हेपॅटायटिस ई म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या विषाणूवर मोठे काम केले आहे. गरोदर स्त्रियांना मात्र ही कावीळ जिवावर बेतू शकते.

म्हणजे दहातल्या बहुतेकांची कावीळ माळेशिवायही उतरली असती. पण ज्याच्या नलिकेची वाटच बंद आहे, त्याचे या सगळ्यात महिने जातात. मावशींच्या मिस्टरांचे दोन महिने गेले. यात त्यांना दोष देऊन काय उपयोग? गावात ज्यांची कावीळ उतरली होती अशी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. वाट बंद झालेली कावीळ वेगळी असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

बंद वाट उघडण्याचा इतिहास

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केली. त्यानंतर शल्यविशारद पित्तनलिका उघडून खडे काढू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स केर या जर्मन सर्जनची टी आकाराची नळी आली. ऑपरेशननंतर ही नळी पोटातून बाहेर येते आणि पित्त पिशवीत जमा होते. पिशवी रिकामी करायची, किती पित्त आले ते लिहायचे, नळी ओढली जाणार नाही हे पाहायचे. घरी सोडलेल्या रुग्णाचे हे काम बायकोकडेच आले. मीही अशा कितीतरी वह्या पाहिल्या आहेत. शाळेच्या जुन्या वहीत तारीख आणि पित्ताचे माप, मुलाच्या अक्षरात लिहून घेतलेले, कारण आईला लिहिता येत नव्हते.

१९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम मक्यून यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत पोहोचता येते हे दाखवले. त्यालाच आज आपण ईआरसीपी म्हणतो. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपान या दोन्ही देशांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दुर्बिणीतूनच नलिकेचे तोंड कापून खडे काढण्यात यश आले. १९८० च्या सुमारास अडलेल्या नलिकेत प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवणे सुरू झाले. १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली.

पोट फाडण्याची वेळ टळली हे मोठेच सुख. पण जोडीदाराच्या कामात एक नवी भर पडली. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बुजू लागतो. तो वेळेवर बदलावा लागतो. न बदलल्यास नलिकेत पू होतो. कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखणे, ही तीन लक्षणे फ्रान्सच्या शार्को यांनी १८७७ मध्ये एकत्र नोंदवली आणि आजही आम्ही त्यांचेच नाव घेतो. स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर तो हिवताप समजून घरी गोळी देत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपला कसारा घाट रेल्वेने १८६५ मध्ये ओलांडला, आणि आता जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपुढचा शेवटचा टप्पाही खुला झाला आहे. रस्ता सोपा झाला. पण तीन महिन्यांनी निघायचे आहे ही तारीख अजूनही घरातल्या माणसालाच लक्षात ठेवावी लागते.

पथ्याचा झोका

आता मावशींच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

१९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आर्थर पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरॉसिसच्या रुग्णांना भरपूर, सकस, प्रथिनयुक्त आहार दिला आणि त्याचा फायदा झाल्याचे मांडले. पुढच्या दशकात चित्र उलटे झाले. लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या रुग्णांना येणाऱ्या भ्रमाचा अभ्यास केला. आतड्यात प्रथिनांपासून अमोनियासारखी द्रव्ये तयार होतात, खराब यकृत ती साफ करू शकत नाही, ती मेंदूपर्यंत जातात आणि माणूस गोंधळतो. या आजाराला हेपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. त्यावरून निष्कर्ष निघाला की प्रथिने कमी करा. निष्कर्ष तर्काला धरून होता. तो पुस्तकांत गेला, परीक्षांत गेला आणि माझ्यासारख्या हजारो डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत उतरला.

दुसरी बाजू नीट पाहिली गेली नव्हती. यकृत निकामी असताना अमोनिया साफ करण्याचे बरेच काम स्नायू करतात. आणि रात्रभर उपाशी राहिलेला सिरॉसिसचा रुग्ण इंधनासाठी स्वतःचे स्नायूच जाळतो, कारण यकृतातला साखरेचा साठा अपुरा असतो. म्हणजे डाळ-अंडी बंद करून आपण त्याचे स्नायू आटवत होतो आणि आजाराशी लढायचे साधनच काढून घेत होतो. २००४ मध्ये बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी एन्सेफॅलोपथीच्या रुग्णांना दोन गटांत विभागून नेहमीइतकी प्रथिने आणि कमी प्रथिने देऊन पाहिली. नेहमीइतकी प्रथिने घेणाऱ्यांचा भ्रम वाढला नाही. आज जगभर सल्ला असा आहे की सिरॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, आणि रात्री झोपण्यापूर्वी खाणे व्हावे.

मावशींना मी सांगितले, "मावशी, तुम्ही चुकला नाहीत. कागद माझा होता. त्या वेळी आमच्या पुस्तकात जे होते ते मी लिहिले, आणि पुस्तक चुकीचे होते. तुम्ही ते मायेने पाळले. डाळ दिली असती तर मालक वाचलेच असते असे मी म्हणणार नाही, त्यांचा आजार फार पुढे गेला होता. पण अशक्तपणा थोडा कमी झाला असता, आणि तो दोष माझ्याकडे येतो."

हे वाक्य उच्चारायला मला वीस वर्षे लागली. पथ्य बदलल्याचे मला केव्हाच कळले होते. नव्या रुग्णांना मी नवे सांगू लागलो. जुन्यांच्या घरच्यांना, ज्यांनी माझे जुने ऐकले होते, त्यांना जाऊन सांगावे हे मात्र सुचले नाही.

एन्सेफॅलोपथीबद्दल आणखी एक सांगायला हवे. तिची पहिली चिन्हे डॉक्टरला दिसत नाहीत, जोडीदाराला दिसतात. माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो. सही वाकडी येते. हिशेब चुकतो. शांत स्वभावाचा नवरा एकाएकी अंगावर ओरडतो, संशय घेतो. मावशींना तेव्हा बरेच काही ऐकून घ्यावे लागले होते. "ते असं कधी बोलत नव्हते," हे त्यांचे वाक्य मी तेव्हा स्वभावाची तक्रार म्हणून सोडून दिले. ते निदान होते. १९६० च्या दशकापासून वापरात असलेले लॅक्टुलोज हे गोड पातळ औषध यावर आजही पहिले औषध आहे. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचास होईल इतके ते द्यायचे असते. आजारी माणूस बोलला ते त्याच्या मनातले नव्हते, एवढे कळले तरी घरच्यांचा अर्धा भार उतरतो.

कायद्यात आलेला जोडीदार

यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास पित्तनलिकेच्या आजारापासूनच सुरू होतो. १९६३ मध्ये अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण केले ते जन्मतः पित्तनलिका नसलेल्या एका बालकावर. ते वाचले नाही. पहिले यश १९६७ मध्ये आले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा तुकडा मुलाला बसवला आणि तो यशस्वी झाला. यकृत पुन्हा वाढते, म्हणून जिवंत माणूस त्याचा भाग देऊ शकतो. भारतात असे पहिले यश १९९८ मध्ये दिल्लीत मिळाले. तो लहान मुलगाही पित्तनलिकेच्या जन्मजात आजाराचाच होता आणि दाता त्याचे वडील होते.

या सगळ्यासाठी कायदा लागत होता. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संसदेने केला तो ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावावरून, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. तिसरे हिमाचल प्रदेश. या कायद्यात जवळच्या नातेवाइकाची व्याख्या आहे आणि तिची सुरुवात पती किंवा पत्नीपासून होते. मग मुलगा, मुलगी, वडील, आई, भाऊ, बहीण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे आली. रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांच्या रुग्णासाठी अवयव देण्याचीही सोय झाली.

म्हणजे चरकाने ज्याला उपचाराचा एक पाय म्हटले, त्या माणसाला आता स्वतःच्या शरीराचा भागही देता येऊ लागला. हे मोठे दान आहे, पण त्याची दुसरी बाजू लपवू नये. भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त आहे. बायको देते, आई देते, बहीण देते. दात्याच्या जिवाला धोका फार कमी असला तरी शून्य नाही. दाता होण्याआधी त्याच्याशी एकट्याने बोलले जाते आणि त्याला "नाही" म्हणता येते. ज्या सुनेला, बायकोला हे माहीत नसते, तिला ते डॉक्टरने सांगायला हवे. नाही म्हणणारी बायको वाईट नसते. घरात लहान मुले असतात, शेती असते, तिचे स्वतःचे यकृतही चरबीने भरलेले असू शकते.

दुसरा मार्ग मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवाचा. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना ऑगस्ट २०१२ मध्ये मुंबईहून चेन्नईला नेण्यात आले. प्रत्यारोपणाची तयारी होती, पण वेळेवर अवयव मिळू शकला नाही आणि १४ ऑगस्टला ते गेले. अशा वेळी पैसा आणि ओळखी पुरत नाहीत. त्यासाठी आधी कुणीतरी अवयवदानाला होकार दिलेला असावा लागतो. आपल्या घरात हे बोलून ठेवा.

आपल्या लाडक्या अभिनेत्यांपैकी अतुल परचुरे यांनी यकृताच्या कर्करोगाविषयी मोकळेपणाने सांगितले होते. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून परदेशी फिरायला गेल्यानंतर त्यांना अन्न जाईनासे झाले, मळमळ होऊ लागली. मग सोनोग्राफीत यकृतातली गाठ दिसली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी सांगितल्यानंतर माझ्याकडची काही कुटुंबे "गाठ" हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने बोलली. आणि लक्षात घ्या, अन्न न जाणे हे पहिले लक्षण ताटावर दिसते. ते शेजारी जेवणाऱ्याला आधी कळते.

जोडीदाराने लक्षात ठेवायचे

१. पांढुरके शौच, खाज आणि वाढती कावीळ असेल तर उतरवण्यात दिवस घालवू नका. सोनोग्राफी करा.

२. स्टेंट टाकल्याची आणि बदलण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

३. थंडी वाजून ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, गोंधळलेले बोलणे किंवा गुंगी यापैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी निघा.

४. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. जडीबुटीची औषधेही नकोत.

५. मीठ कमी, प्रथिने पुरेशी, रात्री खाणे. हळद-तेल बंद करण्याची गरज नाही. मुतखडा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल तर आहार डॉक्टरला विचारून ठरवा.

६. आजार हेपॅटायटिस बीचा असेल तर स्वतःची तपासणी करून लस घ्या.

७. जुना आहाराचा कागद घरी असेल तर पुढच्या वेळी तो घेऊन या. कदाचित तो बदलायचा असेल.

आणि माझ्यासाठी एक. आता अशा रुग्णासोबत नवरा किंवा बायको आली की मी दोन केसपेपर काढतो. दुसऱ्यावर त्यांचे वजन, बीपी, साखर आणि झोप किती लागते ते लिहितो. वर्षभर रुग्णाला सांभाळता सांभाळता आठ-दहा किलो वजन उतरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि बीपी वाढलेलेही.

मावशी त्या दिवशी गोळ्या घेऊन निघाल्या. बाहेर बाकावर ते जोडपे औषधांची वाट पाहत बसले होते. मावशी त्या ताईजवळ थांबल्या. पडद्यातून मला ऐकू आले, "पोरी, शेंगदाण्याचा लाडू कर त्यांना. आणि तूही खा."